श्रीगाडगेबाबा आणि मनाचे आरोग्य

शरीरास ताप आला असता तो कोणी लपवून ठेवीत नाही. शेजारीपाजारी विचारपूस करतात, डॉक्टरांस बोलावणे जाते, शाळेत रजेची चिठ्ठी येते, आणि त्या चिठ्ठीत तापाचे नाव लिहिताना पालकांस संकोच वाटत नाही. परंतु दुखणे मनाचे असले म्हणजे सारी रीतच पालटते. घराचे दार लोटले जाते. आल्यागेल्यास काहीतरी निमित्त सांगितले जाते. कोणी त्या दुखण्यास दैवाचा कोप म्हणतो, कोणी करणी म्हणतो, तर कोणी नुसते ढोंग समजून रागे भरतो. अशा रीतीने एका दुखण्याची दोन दुखणी होतात. पहिले मनाचे व दुसरे लाजेचे. आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा दुसरेच अधिक छळते.

मन निरोगी असणे म्हणजे केवळ वेड नसणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. आयुष्यात नेहमी येणारे ताण सोसता येणे, आपल्या अंगचे गुण ओळखता येणे, नीट शिकता व काम करता येणे आणि आपल्या भोवतालच्या समाजाच्या उपयोगी पडता येणे, अशा स्थितीस जागतिक आरोग्य संघटना मनाचे आरोग्य म्हणते. ही व्याख्या पुस्तकात वाचली म्हणजे कोरडी वाटते. तीच एखाद्या माणसाच्या आयुष्यात पाहिली तर ध्यानी येते. म्हणून या अंकात आमच्या वऱ्हाडातील एका थोर पुरुषाचे चरित्र या दृष्टीने सांगण्याचे योजिले आहे. हा पुरुष डॉक्टर नव्हता. त्याने शाळेत पाऊलही टाकले नव्हते. तथापि घरोघरी जी दुःखे दाराआड कोंडलेली होती, ती चव्हाट्यावर आणून त्यांविषयी लोकांस बोलते करण्याचे काम त्याने जन्मभर केले. ते पुरुष म्हणजे श्रीगाडगेबाबा होत.

बाबांचा जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव या खेड्यात परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे नाव सखूबाई व आडनाव जाणोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. घर कष्टाळू होते. परंतु त्या काळी बारसे असो, लग्न असो, मर्तिक असो की देवाचा नवस असो, मद्य व मांस यांवाचून कार्य पार पडत नसे. झिंगराजींच्या ओठांस दारू लागली ती या चालीरीतींच्या संगतीत. हळूहळू ती अंगवळणी पडली आणि मग तिने अंगाचा ताबाच घेतला. प्रकृती ढासळली, घरची मिळकत गेली, आणि १८८४ साली झिंगराजी निवर्तले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. दारूबाज मनुष्य म्हणजे दुष्ट मनुष्य, असे आपण सहज म्हणून मोकळे होतो. आजचे वैद्यकशास्त्र व्यसनास मनाचा व मेंदूचा आजार मानते. दारू प्रथम मेंदूस सैल करते, म्हणून काळजी विसरल्यासारखी वाटते. पुढे मेंदू तिला सरावतो आणि तेवढ्याच विसरासाठी अधिकाधिक मात्रा लागू लागते. अखेर ती न मिळाली तर हात कापतात, झोप उडते, जीव घाबरा होतो. मग मनुष्य सुखासाठी पीत नाही. तो त्रास टळावा म्हणून पितो. अशा माणसास नुसत्या शपथा घालून भागत नाही, त्यास औषधोपचाराची व आधाराची गरज असते. झिंगराजींच्या काळी असा उपचार खेड्यात कोठून मिळणार? परंतु त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाने जे पाहिले ते तो कधी विसरला नाही. दारूच्या घरातील मुले बहुधा दोनच गोष्टी शिकतात. एक, मुकाट राहणे आणि दुसरी, घरातील दोष आपलाच आहे असे मानणे. डेबूजीने मात्र मोठेपणी हे मौन मोडले. त्याच्या पुढील कार्याचे मूळ येथे आहे.

पती गेल्यावर सखूबाई मुलास घेऊन भावाकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आल्या. येथे डेबूजी गुरे राखू लागला, पूर्णा नदीत पोहू लागला, आणि वाढत्या वयाबरोबर शेतीच्या प्रत्येक कामात तरबेज झाला. नांगरणी, पेरणी, निंदण, कशातही त्याचा हात मागे नसे. वडिलांच्या मृत्यूने पोळलेल्या त्या मुलास कामाने, गुराढोरांच्या लळ्याने आणि आजोळच्या मायेने सावरले असले पाहिजे. मन दुखावलेल्या मुलास काय हवे असते, याचे उत्तर येथे सहज सापडते. त्याला एखादे जबाबदारीचे काम हवे, मोकळी हवा हवी, आणि ज्याच्याजवळ बसता येईल असे एखादे प्रेमाचे माणूस हवे.

परंतु दापुऱ्यासही दुःख वाट पाहत होते. मामा चंद्रभानजी हे सावकाराच्या कर्जात गुंतले. लिहितावाचता न येणाऱ्या शेतकऱ्यास कागदावर काय लिहिले आहे हे कळत नसे, आणि फेडलेल्या पैशाची पावती मागावी हेही सुचत नसे. शेवटी जमीन गेली. त्या धक्क्याने चंद्रभानजी अंथरुणास खिळले व त्यातच त्यांचा अंत झाला. उरलेल्या शेताचा ताबा घेण्यास सावकाराची माणसे आली, तेव्हा तरुण डेबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला व मागे हटला नाही. कर्ज मनुष्याच्या घरादारास तर लागतेच, ते त्याच्या मनासही लागते, हे त्याने अशा रीतीने दुसऱ्यांदा जवळून पाहिले. बाप दारूने गेला, मामा कर्जाच्या काळजीने गेला. दोघांचीही दुःखे गावाने पाहिली होती; पण वेळीच जवळ बसून बोलणारे कोणी निघाले नाही.

१८९२ साली डेबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. पहिल्या मुलीच्या बारशास जातभाई नेहमीच्या अपेक्षेने जमले, तेव्हा पानात मांस नव्हते आणि दारूचा थेंबही नव्हता. डेबूजीने सर्वांस गोड जेवण वाढविले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी जातीची रीत मोडणे म्हणजे जातीबाहेर पडण्याची तयारी ठेवणे होते. मंडळी रुष्ट झाली, कुरबुर झाली. परंतु यजमान शांत राहिला. ज्या रीतीने आपल्या बापाचा बळी घेतला तिला आपल्या उंबरठ्याआड येऊ द्यावयाचे नाही, हा त्याचा निश्चय होता. व्यसनाविरुद्ध त्याचे पहिले कीर्तन त्याने आपल्या घरच्या पंगतीत केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी व एक फुटके मडके, एवढाच संसार. त्या मडक्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. सुमारे बारा वर्षे ते अज्ञातवासात हिंडले. गावात शिरावे, खराटा घेऊन रस्ते झाडावे, गटारे उपसावी, कोणी भाकरी दिली तर ती फुटक्या मडक्यात घेऊन खावी व पुढच्या गावाची वाट धरावी, असा क्रम असे. पुष्कळांनी त्यांस वेडा म्हणून हिणविले. चिंध्या पांघरून हिंडणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, याचा अनुभव त्यांनी बारा वर्षे घेतला. वेडा हा शब्द आपण किती सहज कोणाच्याही अंगावर फेकतो, याचा विचार आपण सर्वांनीच करावयास हवा. ज्याच्या अंगावर तो पडतो त्याला पुढे मदत मागण्याचीही लाज वाटू लागते.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात यात्रेकरूंचे, विशेषतः म्हाताऱ्यांचे व बायकांचे, हाल होत. बाबांनी तेथे प्रथम स्वतः श्रम केले, मग लोकांस श्रमास लाविले, आणि १९०८ साली घाट उभा राहिला. पुढे १९१७ साली पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा झाली. अस्पृश्य म्हणून ज्यांस कोठेही आसरा मिळत नसे त्या वारकऱ्यांसाठी ती होती. १९४९ साली बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मूर्तिजापुरास गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय ही कामे झाली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा उठल्या. मनुष्यास मनुष्य म्हणून वागविले न जाणे, ही मनास होणारी फार खोल जखम आहे. ज्याला रोज दूर उभे राहावयास सांगितले जाते, त्याच्या मनात स्वतःविषयी आदर कोठून राहणार? धर्मशाळेचे दार उघडल्याने नुसते पावसापासून रक्षण होत नाही, त्याने माणसाची मान वर होते.

बाबांच्या धर्मशाळांपैकी एकीचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा उभी राहिली, ती रोग्यांच्या नातलगांसाठी. रुग्णालय रोग्यास खाट देते. परंतु खेड्यातून त्याच्याबरोबर आलेली आई, बायको वा भाऊ रात्री कोठे पडतो, त्याने काय खाल्ले, त्याच्या जिवाची घालमेल कोण जाणतो, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज मनोविकारतज्ज्ञ आवर्जून सांगतात की, रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनासही थकवा येतो आणि त्यांनाही विसावा हवा असतो. हे शास्त्राचे वाक्य बाबांनी दगडविटांत आधीच लिहून ठेविले होते.

आता बाबांच्या कीर्तनाविषयी. इतर कीर्तनकार सांगत व लोक ऐकत. बाबा विचारीत व लोक उत्तरे देत. दिवसा गाव झाडून झाले की रात्री हजारो माणसे जमत. त्यांत शेतकरी, मजूर, बायाबापड्या, पोरेसोरे सर्व असत. शुद्ध वऱ्हाडी बोलीत बाबा एकामागून एक साधे प्रश्न टाकीत. दारूपायी कोणाचे घर बुडाले, लग्नाच्या जेवणावळीसाठी कर्ज कोणी काढले, नवसापायी बोकड कोणी कापले आणि त्याने आजार बरा झाला काय, असे ते प्रश्न असत. लोक हसत, माना डोलावीत, मग मोठ्याने उत्तरे देत. जी गोष्ट घरात नवराबायकोही एकमेकांजवळ काढीत नसत, ती हजार लोकांच्या तोंडून एकदम बाहेर पडे. आपल्याच घरी हे दुःख नाही, शेजाऱ्याच्याही घरी आहे, हे कळले की लाजेचा अर्धा भार उतरतो. आजही मनाच्या रोगांवर उपचार करणारे लोक रोग्यांस मंडळ करून बसवितात व एकमेकांपुढे बोलावयास लावितात. व्यसनमुक्तीच्या कामात तर या पद्धतीस मोठेच स्थान आहे. तिचे मर्म बाबांच्या कीर्तनात दिसते.

भय हा मनाचा फार जुना शत्रू आहे, आणि बाबांनी त्याच्याशी निकराने झुंज दिली. त्या काळी कोणी असंबद्ध बोलू लागला, कोणी खाणेपिणे टाकून कोपऱ्यात बसला, कोणास फेफरे आले, तर प्रथम मांत्रिकाकडे वा भगताकडे धाव घेतली जाई. धुरी, मार, उपास, साखळदंड, यांत दुबळे शरीर अधिकच खंगे. बाबा या थोतांडाची आपल्या विनोदाने अशी चिरफाड करीत की, भिणारा माणूस आपल्याच भयास हसू लागे. अंगारेधुपारे सोडून दवाखान्यात जाण्याचा त्यांचा उपदेश असे. त्यांच्या पश्चात बऱ्याच वर्षांनी, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषाने एखाद्यास मारहाण करणे वा बांधून ठेवणे त्याने गुन्हा ठरले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मनोरुग्णास साखळीने जखडण्यास साफ मनाई केली. कायदे उशिरा आले; परंतु ज्या जमिनीत ते रुजावयाचे ती बाबांसारख्यांनी आधी नांगरून ठेविली होती.

याच संदर्भात दूरच्या एका माणसाची आठवण होते. ज्या १८७६ सालच्या फेब्रुवारीत डेबूजी शेंडगावास जन्मला, त्याच वर्षीच्या मार्चात अमेरिकेत न्यू हेवन या शहरी क्लिफर्ड बीअर्स नावाचा मुलगा जन्मास आला. तो सुखवस्तू घरचा, विश्वविद्यालयाचा पदवीधर. ऐन तारुण्यात त्याच्या मनास भयाने ग्रासले. एकदा तर जीव देण्यापर्यंत पाळी आली. सुदैवाने तो वाचला. पुढे सुमारे तीन वर्षे त्याने मनोरुग्णालयांत काढली व तेथे रोग्यांस होणारी मारहाण व बंदिवास स्वतः भोगला. बरा झाल्यावर त्याने हे सर्व लपवून सुखाने राहावे, असा सल्ला कोणीही दिला असता. त्याने उलट केले. १९०८ साली त्याने आपली हकीकत पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली, आणि पुढील वर्षी राष्ट्रीय समिती स्थापून मनाच्या आरोग्याची चळवळ सुरू केली. ऋणमोचनाचा घाट आणि हे पुस्तक एकाच वर्षीचे. एकाजवळ लेखणी होती, दुसऱ्याजवळ खराटा. दोघांस एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी झाकलेले दुःख उघड्यावर आणल्यावाचून बरे होत नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

बाबांच्या आयुष्यातील एक प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रा चावल्यामुळे मरण पावला. ही वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनास उभे होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. जगात रोज किती आयांची लेकरे जातात, मग आपण एकासाठी काय म्हणून रडावे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी कीर्तन पुरे केले. हा प्रसंग ऐकून अंगावर काटा उभा राहतो, आणि त्यांच्या धैर्यापुढे आपण नमतो. परंतु हा प्रसंग मुलांस सांगताना एक सावधगिरी बाळगावी. बाबांनी अठरा वर्षे घरदार सोडून साऱ्या जगास आपले कुटुंब मानण्याचा अभ्यास केला होता. ज्याची आई वा भाऊ कालच गेला आहे अशा मुलास, बाबा रडले नाहीत, तू का रडतोस, असे म्हणणे हा त्या मुलावर अन्याय होईल. शोक हा रोग नव्हे. अश्रू ही मनाची दुर्बलता नव्हे. जो मोकळेपणी रडतो व ज्याच्याजवळ कोणी बसून राहते, तो बहुधा लवकर सावरतो. ज्याचे रडणे दाबले जाते त्याचे दुःख आत मुरत जाते.

आणि कुंताबाईंचे काय? त्या माऊलीच्या वाट्याला कीर्तनाचा जयजयकार आला नाही. पती निघून गेला, मुले वाढवावयाची, सासूस सांभाळावयाचे, आणि पतीने उभारलेल्या मोठमोठ्या धर्मशाळांतील पैस पैशावरही हक्क सांगावयाचा नाही. हे कुटुंब साध्या झोपडीत राहिले. गोविंदा गेल्याचे दुःख त्यांनीही सोसले, आणि ते कोणत्याही सभेपुढे नव्हे. थोर पुरुषांच्या चरित्रात अशी माणसे एका ओळीत आटोपली जातात. आपल्याही घरात कोणीतरी असे असते, जे सर्वांचे करते आणि ज्याला तुझे कसे काय आहे असे कोणी विचारीत नाही. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर हा प्रश्न आपल्या आईस एकदा विचारून पाहावा.

बाबा कोणाचे गुरू झाले नाहीत व त्यांनी कोणास शिष्य केले नाही. पाया पडणाऱ्यावर ते काठी उगारीत. मुलांस शिकविण्याविषयी त्यांचा आग्रह विलक्षण होता. घरातील ताटवाट्या मोडून हातावर भाकरी खावी, पण मुलास शाळेत घालावे, असे ते परोपरीने सांगत. न वाचता आलेल्या कागदाने मामाचे शेत गेले, हे ते विसरले नव्हते. ता. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या कार्याची व्यवस्था पाहण्यासाठी श्रीगाडगे महाराज मिशन स्थापन झाले. ता. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले असून ते आजही ऐकावयास मिळते. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, ता. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीस येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक मोटारीतच त्यांनी देह ठेविला. अमरावतीस गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या नावाने आज अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते. २००५ साली हे नामकरण झाले.

हे चरित्र वाचून कोणी असे समजू नये की, कीर्तन ऐकले, अंगण झाडले आणि निश्चय केला म्हणजे मनाचे सर्व रोग जातात. बाबा डॉक्टर नव्हते व तसा त्यांनी दावाही केला नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास राहिले, झोप व भूक गेली, अभ्यासात व खेळात गोडी उरली नाही, आपण जगावर भार आहोत असे वाटू लागले, तर तो आळस नव्हे व हट्टही नव्हे. ते दुखणे आहे आणि त्यास औषध आहे. कानी नसलेले आवाज येणे, सर्वांविषयी विनाकारण संशय येणे, ही लक्षणेही डॉक्टरांस दाखवावयाची, मांत्रिकास नव्हे. पूर्वी वऱ्हाडच्या रोग्यास नागपूरच्या मनोरुग्णालयाचा रस्ता धरावा लागे, आणि त्या रस्त्याचे नाव काढण्यासही घरचे लोक भीत. आता अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्यास जुनी मंडळी अद्याप इर्विन म्हणतात, आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मनोविकारांविषयी सल्ला घेता येतो. चंद्रभानजींसारख्या कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यांसाठी शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपले हे दोन्ही जिल्हे होते. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून त्यावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवर लिहून ठेवावा.

पालकबंधुभगिनींनो, परीक्षेत मूल मागे पडले, पूर्वीसारखे बोलेनासे झाले, तर प्रथम त्याचे ऐकून घ्यावे, रागावणे मागाहून. आपल्या घरी दारूचे वा कर्जाचे दुःख असेल तर ते मुलांपासून लपत नाही. ते त्यांच्याशी साध्या शब्दांत बोलावे व त्यात त्यांचा दोष नाही हे स्पष्ट सांगावे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी झिंगराजींच्या घरासारखे घडत असेल. त्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शेंडगावच्या त्या आठ वर्षांच्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता, तुमचाही नाही. आईजवळ, आजीजवळ, एखाद्या शिक्षकाजवळ जाऊन बोलावे. आणि तुमच्या बाकावर शेजारी बसणारा एखादा मुलगा अलीकडे गप्प असेल, तर त्यास वेडा म्हणून चिडविण्याऐवजी मधल्या सुटीत आपल्या डब्यातील भाकरी त्याच्यापुढे करावी. बाबांचा खराटा प्रत्येकाच्या हाती येईलच असे नाही, परंतु एवढे काम कोणासही करता येण्याजोगे आहे.